पायरीचं ऊन

"कुणी उठवायचं नाही तिला," गल्लीची वडीलधारी थोरली म्हणाली. त्या आवाजात ती बोलली की गल्लीतलं मांजरसुद्धा म्यांव करायचं थांबत असे.

चौकशीबाई झोपेत होती. ते शब्द तिला ऐकू आले, पण पाण्याखाली बुडालेल्याला काठावरचं बोलणं ऐकू यावं तसे. स्वप्नात ती एका ऐसपैस घरात होती. घराला दारंच दारं, आणि प्रत्येक दाराबाहेर तिच्यासाठी एक स्टूल मांडलेलं. ती बसत होती, उठत होती, पुढच्या दाराशी जात होती. मग एक दार असं आलं की तिथे स्टूलच नव्हतं. आतून आई म्हणाली, "अगं, उभी काय राहिलीस? आत ये की." तिने आत पाऊल टाकलं, तर पायाखालची फरशी कोमट होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर अंथरूण असतं, तशी कोमट.

डोळे उघडले तेव्हा गाल दगडाला चिकटलेला होता आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ होती. समोर अख्खी गल्ली उभी. हातात बादल्या धरलेल्या बायका, गळ्यात टेप लटकवलेला शिंपी, अर्धी वेणी घातलेली त्याची पोरगी. कुणी हसत नव्हतं. तेवढ्यानेच ती घाबरली. मयताच्या दारातसुद्धा कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय न राहणारी ही गल्ली.

"झाली झोप?" थोरलीने विचारलं.

"माफ करा हं. अंगात जरा कणकण होती, डोळा लागला."

"ते राहू दे. ऊन कुठे आहे, बघ."

तिने पाहिलं. ऊन पायरीवरून उतरून खांबाला जाऊन टेकलं होतं.

"आलं तेव्हा तू झोपलेली. गेलं तेव्हाही झोपलेली. मधे कुणी उठवलं नाही. आता पायरीचं ऊन तुझं झालं."

चौकशीबाई हसली. हसणारी ती एकटीच होती.

गल्ली म्हणजे काय, तर दोन उंच भिंती एकमेकींशी भांडून जरा मागे सरल्या आणि मधे फट राहिली, तेवढीच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं. अशा ठिकाणी ऊन येई ते मानाच्या पाहुण्यासारखं: उशिरा येणार, घाईत असणार, पण प्रत्येकाकडे जरा टेकल्याशिवाय जाणार नाही. आधी नळापाशी, मग निळ्या दाराशी, मग पायरीवर, मग खांबाला. शेवटी शिंप्याच्या खिडकीला हात लावून ते भिंतीवर चढायचं आणि दिसेनासं व्हायचं. प्रत्येक जागेच्या उन्हाला धनी होता. आपल्या उन्हात ज्याने त्याने गाद्या टाकाव्यात, केस वाळवावेत, म्हातारं माणूस आणून बसवावं. दुसऱ्याने तिथे ओला रुमालही टाकायचा नाही. ते ऊन विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, आणि फुकट तर मुळीच द्यायचं नाही. द्यायचंच झालं तर उन्हाला ऊन. आज माझं खांबाचं तू घे, उद्या तुझं नळाचं मी घेते.

याच गोष्टीसाठी चौकशीबाई इथे आली होती. वाढत्या शहरांत माणसं कशी जगतात, काय विकतात, काय वाटून घेतात, याचा अभ्यास करणं हा तिचा धंदा. पहिल्या दिवशी थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, "माणसांचा कसला गं अभ्यास? माणसं काय पाढे आहेत?" पण आपल्या घरामागची कोंदट खोली तिला दिली, आणि गल्लीने नाव दिलं चौकशीबाई. याआधीच्या शहरात ती होती कागदवाली. त्याआधीच्या शहरात नुसतीच 'ती'. ह्या सगळ्या शहरांत माणसांनी तिला चहा दिला, स्टूल दिलं, मनातलं सांगितलं. आणि संध्याकाळ झाली की आपापली दारं लावून घेतली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. दाराशी बसणाऱ्याला दाराशीच बसवतात.

तिचा धाकटा भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, तू साऱ्या जगाच्या घरात डोकावतेस. आपल्या घरी कधी येणार?" आई गेली तेव्हा ती अशीच कुठल्या तरी लांबच्या गल्लीत, कुणाच्या तरी आईची हकीकत ऐकत बसलेली होती. तेव्हापासून भाऊ हा प्रश्न विचारायचा आणि ती विषय बदलायची. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरं देता येतातच असं नाही.

पायरीचं ऊन गादीवालीचं होतं. जुना कापूस पिंजून नव्यासारखा करून देणारी ती म्हातारी थंडी सरता सरता गेली. गेलेल्या माणसाचं ऊन एक ऋतूभर रिकामं ठेवायचं, अशी गल्लीची रीत. त्यात कुणी बसायचं नाही, तिथून जाताना आवाज खाली करायचा. मग त्या घरातल्या कुणीतरी त्या उन्हात झोपायचं. सुखाने झोप लागली आणि कुणी उठवलं नाही, तर गेलेल्या माणसाने ऊन दिलं असं समजायचं, मग झोपणारं परकं का असेना.

गादीवालीच्या घरात मागे उरली होती तिची सून, इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करणारी. नवरा लांब जहाजावर. पदरात एक मुलगी, गठुडी. धावायच्या वयाची पोर, पण पाय धनुष्यासारखे वाकलेले. उचलून ठेवली की तिथेच बसून राहायची, म्हणून गठुडी. इस्पितळातल्या नर्सने औषधाचे थेंब दिले होते आणि बजावलं होतं, "थेंब द्याच, पण उन्हात ठेवा. हाडांना ऊन लागतं." यांच्या खोलीत तर भर दुपारी दिवा लावावा लागे. इस्त्रीवाली पायरीवर झोपायच्या दिवसाची वाट पाहत होती. ऋतू सरला होता. तिला फक्त एक सुटी हवी होती. ती काही मिळेना, कारण माणसं आजारी पडायची थांबत नाहीत आणि चादरी मळायच्या थांबत नाहीत.

आणि मधेच ही शिकलेली बाई तिथे घोरून मोकळी झाली.

"पण हे मला कुणी सांगितलं कसं नाही?" चौकशीबाईने विचारलं.

"तू विचारलंस?" थोरली म्हणाली. "ऊन कुणाचं ते विचारलंस, कधीपासूनचं ते विचारलंस. झोपेचं विचारलं नाहीस."

"मग मी नको म्हणते. मला नको ते ऊन. त्यांचं त्यांना द्या."

"ऊन म्हणजे काय पंक्तीतलं ताट आहे, नको म्हणून पुढे सरकवायला?"

"एवढ्याशा पोरीसाठी एकदा रीत मोडली तर काय होईल?"

थोरलीने पान खाल्ल्यासारखं तोंड हलवलं. तिच्या तोंडात काही नसायचं. ती शब्द चावायची.

"आज पोरीसाठी मोडू. उद्या म्हाताऱ्यासाठी मोडू. परवा कोपऱ्यावरचा गोदामवाला येईल, माझा माल दमट झालाय म्हणेल आणि नळापासून खिडकीपर्यंत सगळं ऊन खिशात घालेल. वर तोंडावर हसून म्हणेल, की तुम्हीच तर मोडलीत रीत. आमच्याकडे दुसरं आहे काय, बाई? एक रीत आहे, तीच राखतो."

त्या संध्याकाळी इस्त्रीवाली कामावरून आली. तिला कुणीतरी गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं असणार. ती पायरीजवळ थांबली, दगडावर पंजा टेकवून पाहिला आणि घरात गेली. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीबाईने गठुडीला मांडीवर घेऊन पायरीवर बसायला सुरुवात केली. मांडीवरलं मूल उन्हाच्या हिशोबात वेगळं धरत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. इस्त्रीवालीने नाही म्हटलं नाही. पोरगी शिंप्याच्या बायकोपाशी सोडून जाताना तिने नजर दुसरीकडे फिरवली, एवढंच.

नंतरचे दिवस चौकशीबाईला कधी नीट आठवता आले नाहीत. ते वेगवेगळे दिवस असे नव्हतेच. एकच लांबलचक सकाळ होती, मधाच्या धारेसारखी, कुठे तुटतच नव्हती. ऊन निळ्या दाराशी आलं की गठुडी हात पुढे करायची. मग ते घोट्यापर्यंत यायचं, मग गुडघ्यापर्यंत, मग दोघी त्यात बुडून जायच्या. गादीवालीने वर्षानुवर्षं पिंजलेल्या कापसाचे तंतू पायरीच्या भेगांत अजून अडकलेले होते. ते उन्हात वर तरंगायचे, आणि गठुडी त्यांना फुंकर घालायची. चौकशीबाईचे डोळे मिटायचे. नळाचं पाणी कुठल्या तरी नदीचं व्हायचं, शिंप्याचं मशीन लांबून जाणारी गाडी. गल्लीतल्या भिंती विरघळायच्या, आणि तिला वाटायचं की आपण सगळ्या शहरांत फिरलो ते इथे येऊन बसण्यासाठी. प्रश्न सुचायचे बंद झाले. बायका येता-जाता तिलाच विचारू लागल्या, "काय गं, आज जरा उशिरा आलं का तुझं ऊन?" तुझं ऊन! ती मान हलवायची, जशी काही जन्मापासून ऐकत आलेली.

गल्लीत आणखी एक बोलणं होतं. ज्याच्या उन्हात हाडं धरली, त्याचं ते मूल. हे मात्र चौकशीबाईला पक्कं माहीत होतं. हे तिने विचारलं होतं, खोदून खोदून विचारलं होतं. थोरलीनेच सांगितलं होतं की नळाजवळची लंगडी आजी शिंप्याची कुणीच लागत नव्हती, पण तिच्या उन्हात तो वाढला. म्हणून म्हातारपणी तिला जेवू घातलं त्यानेच, आणि खांदा दिला तोही त्यानेच. सख्खी लेकरं बाजूला उभी होती. तेव्हा चौकशीबाई भाबडी होती असं कुणी समजू नये. ती जाणून होती आणि तरी बसत होती. रिकाम्या मांडीला शहाणपण सांगून कळत नाही.

एका सकाळी गठुडी तिचा गुडघा धरून उभी राहिली. पाय थरथरत होते, पण उभी राहिली. बायका जागच्या जागी थांबल्या. आणि मग त्या पोरीने तोंड वर करून चौकशीबाईला हाक मारली. जगातली सगळी पोरं ज्या शब्दाने आधी हाक मारतात, त्याच शब्दाने.

"आई."

गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी हातातली पिशवी खाली पडली. इस्पितळात वीज गेली होती, म्हणून इस्त्रीवाली लवकर घरी आली होती.

दुपारी ती चौकशीबाईच्या खोलीत आली. बस म्हटलं तरी बसली नाही. हाताच्या पाठीवर जुन्या-नव्या चटक्यांचे डाग होते, आणि ती एक डाग दुसऱ्या हाताने चोळत होती.

"तुम्ही शिकलेल्या आहात," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"अहो, काय म्हणून काय विचारता! ज्याच्या उन्हात हाडं धरली, ते."

चौकशीबाईला खोटं बोलता आलं असतं. "होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तिचे पाय सुधारतायत. तुम्ही पाहिलंत ना सकाळी?"

"पाहिलं. माझी पोर उभी राहिलेली मी पाहिली." इस्त्रीवालीचा आवाज चढला नाही, उलट बसला. "किती दिवस डोळ्यांपुढे आणत होते मी ते. आणि उभी राहिली तेव्हा तिला मी दिसलेच नाही. तिच्या पायांपुढे मला काही बोलता येत नाही. उन्हातून काढून घेऊ, तर पाय जातात. ठेवू, तर पोर जाते. तुम्हीच सांगा काय करू. तुम्ही एवढी गावं बघितलीत. कुठे तरी असेल ना याला काही उत्तर?"

"आपण दोघी बसू. रोज. तुम्ही सुटी—"

"माझ्या सासूच्या पायरीवर मी तुमच्या शेजारी बसू? पाहुणी म्हणून?"

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. इस्त्रीवाली दारापर्यंत गेली आणि वळली.

"झोपलात त्या दिवशी मी इथे असते ना, तर उठवलं असतं. हलवून, गदागदा उठवलं असतं."

ती गेल्यावर चौकशीबाई उठून थोरलीकडे गेली. थोरली दारात बसून दोरीच्या गाठी सोडवत होती. जुनी दोरी कधी टाकत नसे ती.

"त्या दिवशी मला उठवू का दिलं नाहीत?"

थोरलीने वर पाहिलं नाही. "तुझं तोंड बघितलं. झोपेत हसत होतीस. इथे आल्यापासून मांजरासारखी झोपत आलीस तू, एक कान उघडा ठेवून. भिंत पातळ आहे, मला कळतं. म्हटलं, बाई जन्मभर लोकांच्या दारात बसली. एकदा बसू दे आत." तिने गाठ दातात धरून सोडवली. "तुझं बघितलं, तिचं बघायला विसरले. म्हातारी झाले. चूक मला मान्य आहे, पण मागे घेता येत नाही. माझीही नाही, तुझीही नाही."

"जिवंत माणसाला ऊन सोडता येतं का?"

थोरलीचे हात थांबले.

"आता बरोबर विचारलंस," ती हळूच म्हणाली. "येतं. एकच वाट आहे. आपलं अंथरूण बांधायचं आणि सगळ्यांदेखत गल्लीबाहेर जायचं. मग ऊन आधीच्या घरी परत जातं. पण गेलेल्याने पुन्हा इथे डोळा मिटायचा नाही. दिवसासुद्धा नाही. मिटला तर ऊन पुन्हा त्याच्या मागे लागतं."

"आणि नुसतं भेटायला आलं तर?"

"आजवर गेलेलं कुणी आलं नाही गं." थोरलीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "घाई नाही कुणाची. तुझं ऊन आहे. तुला कुणी जा म्हणणार नाही. तीसुद्धा म्हणणार नाही, मोठी मानी आहे ती."

"ते माहीत आहे मला."

"तुझा अभ्यास राहील अर्धा."

"राहू दे."

"काय करशील तिकडे जाऊन?"

चौकशीबाई दोरीकडे बघत राहिली. सोडवलेली दोरी थोरलीने सरळ केली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि तिच्या पुढ्यात टाकली.

"ही घे. तुझी ती नायलॉनची गाठ धरत नाही. रस्त्यात अंथरूण सुटलं तर आमचं नाव जाईल."

ती रात्र चौकशीबाईने अंथरुणावर नुसतं पडून काढली. भिंतीपलीकडे थोरलीही जागीच होती. दोघींनी एकमेकींना कळू दिलं नाही.

सकाळी ऊन नळापाशी आलं तेव्हा ती बाहेर पडली. अंथरूण खांद्यावर, एका हातात पेटी. दारादारांत माणसं उभी होती. शिंप्याने मशीन थांबवलं. त्याच्या पोरीने पेटी घ्यायला हात पुढे केला, तर थोरलीने तिचा हात मागे ओढला. ज्याचं ओझं त्यानेच न्यायचं असतं, नाहीतर जाणं खरं धरत नाहीत. कुणी डोळे पुसले नाहीत. एक जण म्हणाली, "जपून गं." दुसरी म्हणाली, "डबा घेतलास का?" तिने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

इस्त्रीवाली पायरीवर येऊन बसली होती. कामावर गेली नव्हती; मिळत नव्हती ती सुटी तिने न विचारताच घेतली होती. मांडीवर गठुडी. ऊन निळं दार सोडून नुकतंच पायरीच्या कडेला लागलं होतं.

गठुडीने हात पुढे केले आणि हाक मारली, त्याच शब्दाने. इस्त्रीवालीने तिचं तोंड दाबलं नाही, की वळवलं नाही. ती फक्त समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

चौकशीबाई जवळ आली. गल्ली तिथे सर्वांत अरुंद. खांद्यावरच्या अंथरुणासकट तिची भली मोठी सावली आधी पायरीवर पडली, मग पोरीच्या पायांवर, मग पोटावर.

"बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "सावली."

ती थांबली. एक पाऊल मागे सरली. खांद्यावरचं अंथरूण उतरवून पोटाशी धरलं, पेटी गुडघ्याशी घेतली आणि वाकली, वयाला झेपेल त्याहून जास्त वाकली. मग समोरच्या भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल आडवं टाकत पुढे सरकू लागली. पोरीच्या पायांवरची सावली मागे हटली. तिथे ऊन आलं.

"सावकाश," इस्त्रीवाली भिंतीकडे बघतच म्हणाली. "पुढे पाणी सांडलंय. निसरडं आहे."

"हो," चौकशीबाई म्हणाली आणि तशीच वाकून, पायाखाली कोरडा दगड येईपर्यंत, सरकत राहिली.